हँडलवरच्या मीटरचा सेल कोण खातो?

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : बिनतारी सायकल मीटरची लवकर संपणारी बॅटरी आणि तारखेविना विकले जाणारे सेल

महोदय,

पावसाळा ओसरला की माळ्यावरच्या सायकली खाली येतात आणि सायकलच्या दुकानांत वेग-अंतर दाखवणाऱ्या मीटरची एक तक्रार हमखास ऐकू येते : 'वायरलेस मीटर घेतला, तीन महिन्यांत सेल संपला.' दुकानदार नवा सेल घालून देतो, तोही दोन-तीन महिन्यांत बसतो आणि 'वायरलेस नकोच, तारेचाच बरा होता' असा निकाल लागतो. तारेच्या मीटरला सेल कमी लागतो हे खरेच आहे, कारण त्याला काही प्रक्षेपित करावे लागत नाही. पण बिनतारी मीटरवर येणारा ठपका बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. सेल खाणारा चोर घरी अर्ध्या तासात सापडतो. तो कसा शोधायचा ते आधी सांगतो; सेल विकणाऱ्यांबद्दलची मागणी शेवटी.

साध्या बिनतारी मीटरला दोन सेल असतात. एक हँडलवरच्या डबीत, दुसरा पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या चिमट्याला) बांधलेल्या सेन्सरमध्ये. चाकाच्या स्पोकवरचे चुंबक सेन्सरसमोरून गेले की सेन्सर एक संदेश सोडतो, डबी तो मोजते. एका जपानी कंपनीच्या माहितीपत्रकात रोज तासभर सायकल चालवल्यास डबीचा सेल सुमारे वर्षभर आणि सेन्सरचा सेल सुमारे १०,००० किलोमीटर पुरेल असे दिलेले असते. रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याचा सेन्सर-सेल याचा अर्थ २५० दिवसांत संपणार. त्यात बिघाड काहीच नाही. शिवाय कारखान्यातून बसवून आलेला सेल चाचणीपुरता असतो, तो याहून कमी चालू शकतो, हेही बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पहिल्या सेलवरून मीटरची परीक्षा करूच नये.

आता गंमत अशी, की लोक डोळ्यांसमोरचा सेल बदलतात. वेग दिसेनासा झाला की डबी उघडली जाते, कारण पडदा तिथे आहे. खरे तर पडद्यावरचे आकडे फिके पडले, बाजूने पाहिल्यावरच दिसू लागले, तर डबीचा सेल संपत आलेला असतो. आकडे ठळक आहेत, घड्याळ चालू आहे, पण वेग शून्यावर बसतो किंवा २२ वरून ० वर आणि पुन्हा २२ वर उड्या मारतो, तर सेन्सरचा सेल संशयित. खात्रीसाठी स्पोकवरचे चुंबक सोडवून हातात घ्या, सेन्सर फोर्कवरून काढून डबीपासून पाच-सात सेंटिमीटरवर धरा आणि चुंबक त्याच्यासमोरून भराभर फिरवा. जवळून वेग दिसतो आणि फोर्कवरून दिसत नाही, याचा अर्थ सेन्सरचा सेल कमजोर आहे किंवा अंतर जास्त आहे. जवळूनही दिसत नसेल तर सेल उलटा बसला आहे, संपर्कपट्टी गंजली आहे, नाहीतर आतला रीड स्विच (चुंबकाने जुळणारा स्विच) गेला आहे. याच क्रमाने पाहा. स्विच जाणे सर्वांत दुर्मीळ.

अंतराचा मुद्दा सेलशी थेट जोडलेला आहे. जुन्या धाटणीच्या या सेन्सरांची पोच साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. सेल नवा असताना ७० सेंटिमीटरवरून संदेश पोचतो, सेल अर्धा झाला की पोच आखडते आणि मीटर 'बंद पडतो'. प्रत्यक्षात सेलमध्ये आणखी काही महिन्यांची वीज शिल्लक असते. २९ इंची चाक आणि सस्पेन्शन फोर्क असलेल्या सायकलींवर हे हटकून घडते, कारण सेन्सर खाली हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, बांधलेला असतो. तो फोर्कवर वर सरकवा, चुंबकही स्पोकवर तेवढेच वर घ्या. वेगाच्या आकड्यात फरक पडत नाही; चुंबक कुठेही असले तरी चाकाच्या एका फेरीला एकदाच समोरून जाते. चुंबक आणि सेन्सर यांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको आणि सेन्सरवर खुणेची रेघ असते, चुंबक तिच्यासमोरूनच गेले पाहिजे. सेन्सरचा कोनही पाहा. तो तिरपा झाला, तर आतली कॉइल डबीतल्या कॉइलशी जुळत नाही आणि पोच घटते.

आता तीन महिन्यांचा हिशेब करू. या उपकरणांत बहुतेक सीआर २०३२ हा सेल असतो : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट, साठवण सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर सरासरी २५ मायक्रोअँपिअर येतात. एवढाच प्रवाह सतत जात राहिला तर सेल वर्षभर पुरतो. हाच प्रवाह १०० मायक्रोअँपिअर झाला की २,२०० तासांत, म्हणजे ९२ दिवसांत सेल रिकामा. तक्रारीतले तीन महिने ते हेच. आणि ३ व्होल्टच्या सेलमधून १०० मायक्रोअँपिअर गळायला ३०,००० ओहमची एक वाट पुरते. घामातले मीठ, पावसाची ओल आणि धूळ यांचा सर्किटवरचा पातळ थर एवढी वाट सहज करून देतो. डोळ्यांना काही दिसत नाही, सायकल कोपऱ्यात उभी असते आणि सेल रात्रंदिवस झिरपत राहतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होते. घरात सायकल ट्रेनरवर चालवणाऱ्यांच्या सायकलींवर तर सर्वांत जास्त, कारण वारा नसल्याने घाम थेट हँडलवर टपकतो.

उपाय असा. सेलचे झाकण उघडा, सेल काढा. आत हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर कॉटन बड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून संपर्कपट्ट्या आणि सर्किटचा दिसणारा भाग पुसा. पेट्रोल, थिनर, डब्ल्यूडी-४० यांतले काही नको. प्लास्टिक आणि रबर दोन्ही खराब होतात किंवा तेलकट थर राहतो. पंख्याखाली काही तास उघडे ठेवा. संपर्कपट्टी दबून सपाट झाली असेल तर लाकडी टूथपिकने हलकेच वर उचला. खड्ड्यांत सेल क्षणभर सुटतो, मीटर पुन्हा सुरू होतो, वेग काढायला त्यात भरलेला चाकाचा परिघ विसरतो, आणि लोक त्यालाही 'सेल संपला' म्हणतात. झाकणाच्या खोबणीतली रबरी रिंग हाताने फिरवून पाहा : चीर, वाळू किंवा पीळ असेल तर झाकण घट्ट दिसूनही पाणी आत जाते. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. झाकण नाण्याने फिरवताना जोर लावू नका, खाच झिजते आणि पुढच्या वेळी उघडतच नाही.

सेल काढण्याआधी एकूण किलोमीटर आणि चाकाचा परिघ कागदावर लिहून ठेवा, अनेक मीटरांत दोन्ही पुसले जातात. ७००×२५ टायरचा परिघ साधारण २,१०५ मिलिमीटर, ७००×२८ चा २,१३६, २६×१.९५ चा २,०५० धरतात. व्हॉल्व्ह जमिनीलगत आणून खूण करा, स्वार बसलेला असताना चाक एक फेरी पुढे घ्या आणि टेपने मोजा. तो आकडा तक्त्यापेक्षा खरा.

सेल कोणता घालता हेही महत्त्वाचे. सीआर २०२५ हा ३ व्होल्टचाच आहे, पण जाडी २.५ मिलिमीटर. राहिलेली ०.७ मिलिमीटरची फट भरायला कोणी चॉकलेटची चांदी घडी करून घालतो. ती सरकून शॉर्ट झाली की सेल तासाभरात गार. दुसरी चूक चार्ज होणाऱ्या एलआयआर २०३२ ची. मापाने तो हुबेहूब सीआर २०३२ असतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि साठवण अवघी ४० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. ३ व्होल्टच्या सर्किटला धोका आणि आयुष्य पाचव्या हिश्शाचे, असा दुहेरी तोटा. काही जुन्या सेन्सरांत १२ व्होल्टचा २३ए हा छोटा नळीसारखा सेल असतो, बिनतारी डोअरबेलच्या बटणात असतो तोच. त्यात आठ बारीक बटणसेल एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे साठवण फार थोडी; तो लवकर संपला तर नवल नाही.

नवा सेल खरोखर नवा आहे का, हे नुसत्या मल्टिमीटरने कळत नाही. लिथियम सेलचा स्वभाव असा, की जवळपास रिता होईपर्यंत तो बिनभार २.९ व्होल्ट दाखवत राहतो. म्हणून सेलला लावलेल्या मल्टिमीटरच्या दोन टोकांमध्ये ४७० ओहमचा रोधक जोडा, दहा सेकंद थांबा आणि मग आकडा वाचा. यात साधारण ६ मिलिअँपिअर जातात, संदेश सोडताना सेन्सर जी उचल घेतो त्याच जातकुळीचा हा भार आहे. ताजा सेल २.९ च्या वर टिकतो, २.७ च्या खाली घसरला तर सेन्सरमध्ये घालू नका, भिंतीवरच्या घड्याळासारख्या दिसणाऱ्या एखाद्या डिजिटल थर्मामीटरमध्ये तो अजून चालेल. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे वेग गायब आणि दहा वाजता उन्हात पुन्हा हजर, असे झाले तर सेल म्हातारा झाला आहे असे समजा. आणखी एक सोपी परीक्षा वजनाची : चांगला सीआर २०३२ सुमारे ३ ग्रॅम भरतो. सोनाराच्या काट्यावर तो दोन-सव्वादोन ग्रॅमच भरला तर नकली मालाचा संशय घ्यायला हरकत नाही.

हल्ली काही नामवंत कंपन्या लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. हेतू उत्तम आहे, पण काही उपकरणांत हाच लेप संपर्काच्या आड येतो आणि कोरा सेल 'मेलेला' वाटतो. अल्कोहोलने सेलचा सपाट भाग पुसला की बहुधा काम होते. लहान मूल घरात असेल तर असा लेपवाला सेलच घ्या.

उभ्या सायकलीतही सेल खर्च होतो, त्याची दोन कारणे. सेन्सरमधल्या रीड स्विचमध्ये काचेच्या नळीत दोन पात्या असतात, चुंबक समोर आले की त्या चिकटतात. सायकल नेमकी चुंबक समोर ठेवून उभी केली तर पात्या रात्रभर चिकटलेल्याच राहतात. चांगल्या रचनेत यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो. पण स्विचला १ लाख ओहमचा रोधक लावलेला असेल तर ३० मायक्रोअँपिअर सतत जातात, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे सेलचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. चाक पाव फेरी फिरवून ठेवायला काय लागते? दुसरे कारण हबला किंवा क्रँकला लावायच्या नव्या, चुंबकाविना चालणाऱ्या सेन्सरांचे. ते हालचालीने जागे होतात. गाडीच्या मागच्या कॅरिअरवर पुणे ते गोवा सायकल नेली तर वाऱ्याने चाक फिरत राहते आणि सेन्सर दहा तास कुणासाठी तरी संदेश सोडत बसतो. चाक पट्ट्याने बांधा किंवा सेन्सर काढून खिशात ठेवा. या सेन्सरांचा सेल बदलताना जुना काढल्यावर अर्धा मिनिट थांबून मग नवा घाला, म्हणजे आतला उरलेला विद्युतभार जातो आणि सर्किट नव्याने सुरू होते. छातीच्या हृदयगती पट्ट्याचेही असेच : व्यायाम झाल्यावर डबी पट्ट्यावरून सोडवली नाही, तर ओला पट्टा तिला अजून कुणीतरी घातले आहे असेच भासवतो.

जुन्या पद्धतीच्या मीटरला उच्चदाब वाहिन्यांखाली, रेल्वेच्या विद्युत तारांजवळ किंवा स्वस्त एलईडी दिव्याशेजारी खोटे संदेश मिळतात. सिग्नलला उभे असताना वेग ८० दिसला तर दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला न्या. अशा खोट्या संदेशांनी डबी झोपतही नाही.

हँडलवरच्या जीपीएसवाल्या सायकल संगणकांची गोष्ट वेगळी, कारण त्यांत चार्ज होणारी लिथियम बॅटरी असते. पेटीवरचे '१५ तास', '२० तास' हे आकडे नव्या बॅटरीचे आणि बेताच्या वापराचे. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) साडेतेरा तासांची मुदत असते, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. त्यामुळे ३०० पासून पुढे चार्जिंगचा विचार आधीच करावा लागतो. सर्वांत मोठा खादाड पडद्याचा दिवा आहे. बऱ्याच सायकल संगणकांचा पडदा उन्हात परावर्तित प्रकाशावरच स्वच्छ दिसतो, तिथे दिवा लागतच नाही. तो १५ सेकंदांत विझेल असे ठेवा आणि रात्री २०-३० टक्क्यांवर आणा. मग येतो नकाशा आणि चुकलेल्या वळणानंतर नवा मार्ग शोधणे. मार्ग पाठ असेल तर नवा मार्ग शोधण्याची सोय बंद करा. फोनशी जोडणी केवळ कॉलच्या सूचनांसाठी चालू असेल तर तीही तोडा. एकाहून अधिक वारंवारता वापरणारी अचूक जीपीएस पद्धत घाटात आणि उंच इमारतींत कामाची आहे, मोकळ्या महामार्गावर साधी पद्धत पुरते.

पॉवर बँकेची एक खोच अनेकांना ऐन रात्री कळते. उपकरण फार कमी प्रवाह घेऊ लागले की बँक 'काही जोडलेलेच नाही' असे समजून बंद होते. सायकल संगणक भरत आला की नेमके हेच घडते. म्हणून तो सतत जोडून ठेवण्यापेक्षा कंट्रोलवर (सफरीतल्या नोंदणीच्या थांब्यावर) जेवताना ३० वरून ८० टक्क्यांपर्यंत भरून घ्यावा, किंवा कमी प्रवाहाची सोय असलेली बँक घ्यावी. १०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक प्रत्यक्षात ५ व्होल्टवर ६,००० ते ६,५०० च देते, हेही हिशेबात धरा. डायनॅमो हब साधारणपणे ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो, पण कसारा किंवा खंबाटकी चढताना वेग दहाच्या खाली गेला की त्याचा पुरवठा तुटक होतो. दर वेळी जोडणी तुटली-जुळली की पडदा उजळतो, आणि कमाईपेक्षा खर्च जास्त. डायनॅमोने बँक भरावी, बँकेने संगणक.

चार्जिंगचे छिद्र ओले असताना केबल लावू नका. ५ व्होल्ट आणि खारट पाणी एकत्र आले की पिना काही तासांत कुजतात. आधी पंख्याखाली वाळवा; तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त पीठ आत जाते. उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाते, तिथे संगणक ठेवू नका. पावसाळ्याचे चार महिने सायकल बंद राहणार असेल तर बॅटरी ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. शंभर टक्के भरून उकाड्यात ठेवलेली लिथियम बॅटरी वर्षात आपल्या क्षमतेचा मोठा हिस्सा कायमचा गमावते, अर्धी भरलेली त्याहून खूप कमी. शून्यावर ठेवणेही वाईट, ती इतकी उतरते की पुन्हा चार्जच घेत नाही.

आता मागणी. लिथियम सेल थंड जागी वर्षाला जेमतेम एक टक्का उतरतो, पण पत्र्याच्या टपरीत उन्हात टांगलेल्या पट्टीतला सेल तेवढा नशीबवान नसतो. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असायला हवी. पाच सेलांच्या पट्टीतून कात्रीने एक कापून दिला की हा मजकूर दुकानातच राहतो, ग्राहकाच्या हाती फक्त चकाकती चकती येते. सायकल दुकानदारांनी एकेका सेलचे सीलबंद, तारीख असलेले वेष्टनच विकावे, आणि वैधमापनशास्त्र यंत्रणेने एखादी तपासणी या छोट्या सेलांचीही करावी. तारीख नसलेला माल दिसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. मीटर विकणाऱ्यांनी खोक्यावर 'वायरलेस' या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत कोणता सेल, किती नग आणि तो ग्राहकाला बदलता येतो की नाही, हे छापावे. काही स्वस्त संगणकांची चार्ज होणारी बॅटरी डिंकाने बंद केलेली असते. दोन-तीन वर्षांनी ती थकली की सगळे उपकरण कचऱ्यात जाते, आणि हे घेताना कोणी सांगत नाही.

संपलेल्या सेलांचेही तेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानात त्यासाठी साधी बरणीही नसते. ती ठेवावी. बरणीत टाकण्याआधी प्रत्येक सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, नाहीतर एकमेकांना टेकून ते तापतात. बरणीला घट्ट झाकण हवे आणि ती मुलांच्या हाताला लागू नये. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजते, 'संपलेला' सेलही भाजवतो. असा संशय आला तर उलटी करवू नका, मूल ताबडतोब रुग्णालयात न्या आणि त्या सेलचे वेष्टन किंवा तसाच दुसरा सेल बरोबर ठेवा, म्हणजे डॉक्टरांना त्याचे माप कळेल.

आपले,
सायकल दुरुस्तीच्या कामातील दोन वाचक,
पुणे